नायकीण, मुकादम आणि ‘बाई बॉस’

सकाळच्या पाळीच्या वेळी जुईनगर स्टेशनबाहेर थोडा वेळ उभं राहिलं की शिरवण्याच्या एमआयडीसीकडे निघालेल्या बायकांचे घोळके दिसतात. कुणी पॅकिंगला, कुणी लेबलिंगला, कुणी असेंब्लीला. बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या. त्यांच्यात आणि त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या पुरुषांतही एक वाक्य हमखास ऐकू येतं : “सगळं चालेल, पण बाई सुपरवायझर नको.” का नको, तर ती किरकिर करते, पक्षपात करते, रजा देत नाही, लक्षात ठेवून सूड घेते.

कार्यालयांतल्या सेमिनारमध्ये याच्या अगदी उलट ऐकायला मिळतं. बाई मॅनेजर झाली की ती सर्वांना सोबत घेते, ऐकून घेते, आईच्या मायेने टीम सांभाळते वगैरे. आठ मार्चला तर या मायेला भरतीच येते.

शिवी आणि स्तुती दोन्ही एकाच समजुतीवर उभ्या आहेत. हुकूम कसा द्यायचा, माणसं कशी सांभाळायची, हे बाई किंवा पुरुष असण्यावरून ठरतं, ही ती समजूत. तपासून पाहायला लांब जायची गरज नाही. खाडीपलीकडे मुंबईत शंभर वर्षांपूर्वी बायकांवर देखरेख करणाऱ्या बायकांची एक अख्खी जमात होती. तिला नायकीण म्हणत.

त्याआधी शिरवण्याबद्दल दोन शब्द. आज नवी मुंबईच्या पोटात गेलेलं हे मूळ आगरी गाव. या पट्ट्यातली गावं भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासळीवर जगायची. लावणीला बाई, कापणीला बाई, मिठागरात डोक्यावर टोपली घेणारी बाई, आणि मासळीचा भाव ठरवून पैसे कनवटीला लावणारीही बाईच. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली आणि सिडको १९७० साली आली. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, पुढे साडेबारा टक्के जमिनीची योजना आली. हा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. त्यात एक गोष्ट मात्र कमी बोलली जाते. ‘प्रकल्पग्रस्ताला नोकरी’ या मागणीत नोकरी मागणारा बहुतेक वेळा घरातला पुरुषच गृहीत धरलेला होता. बाजारात स्वतः सौदा करणारी बाई कारखान्याच्या दारात आली ती हाताखालची म्हणून, तीही उशिरा.

आता नायकीण.

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक जणी रीलिंग आणि वाइंडिंग या दोन खात्यांत, म्हणजे सुताची लड करणं आणि सूत बॉबिनवर गुंडाळणं. विणकाम खातं पुरुषांचं. त्यात मदनपुऱ्यातले मुसलमान विणकर, ज्यांना तेव्हा सर्रास जुलाहा म्हणत, मोठ्या संख्येने होते. त्यांच्या घरच्या बायका मात्र गिरणीत फारशा दिसत नसत. गिरणीत येणाऱ्या बायका कोकणातल्या, घाटावरच्या, त्यातही विधवा आणि टाकलेल्या पुष्कळ.

पुरुष कामगारांवर जॉबर असे. भरती तोच करणार, काम तोच वाटणार, काढूनही तोच टाकणार. गोऱ्या किंवा पारशी साहेबाला कामगारांची भाषा येत नव्हती आणि यायची गरजही वाटत नव्हती. जॉबर होता ना. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणीकडे. ती स्वतः कधीकाळची रीलर किंवा वाइंडर, बहुधा निरक्षर. मशीन आणि माणसं दोन्ही पाठ असलेली.

तिचा इख्तियार केवढा होता, ते कामाच्या पद्धतीवरून कळतं. रीलिंगला मजुरी नगावर होती. सूत मिळालं तर काम, काम झालं तर पैसे. सूत कमी पडलं की बायका सांच्याजवळ बसून राहायच्या आणि त्या बसण्याचा पैसा नसायचा. म्हणजे चांगलं सूत आज कुणाच्या सांच्याला द्यायचं, हे जी ठरवणार तीच त्या महिन्याचा पगारही ठरवणार. बदलीवर कुणाला घ्यायचं, बाळंतपणानंतर परत आलेलीला जागा द्यायची की नाही, तेही तिच्याच हातात. मग दस्तुरी आली. नोकरी लावताना पैसे, लावल्यानंतर महिन्याच्या महिन्याला काहीतरी, सणाला वेगळं. १९२९ साली नेमलेल्या, व्हिटली कमिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही मजूर आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यात जॉबरच्या लाचखोरीबरोबर नायकिणीचाही हिशेब मांडलेला आहे.

म्हणजे ‘बाई सुपरवायझर नको’ म्हणणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा मिळाला? घाई नको. नायकीण जे करत होती ते जसंच्या तसं जॉबरही करत होता. तो भरतीचे पैसे घ्यायचा, तीही घ्यायची. तो मर्जीतल्याला चांगला साचा द्यायचा, ती मर्जीतलीला चांगलं सूत. दोघंही त्याच वस्तीत राहत, अडीनडीला उसने देत, व्याजही लावत, आणि संपाच्या वेळी कोणाकडे झुकायचं हा पेच दोघांनाही पडे. पक्षपात पद्धतीतच होता. मालकाने भरती, वाटप आणि शिक्षा तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हातात देऊन वर पाहायचंच नाही असं ठरवलं, की त्या जागी बसणारा कुणीही तसाच वागू लागतो.

फरक होता तो दुसरीकडे. जॉबरला वर चढायची वाट होती. साध्या जॉबरचा हेड जॉबर होई. नायकिणीची वाट नायकीण होण्यापाशीच संपे. तिच्यावर खात्याचा प्रमुख पुरुष, त्याच्यावर पुरुष, त्याच्यावरही पुरुष. खालच्या बायकांवर तिची हुकूमत पूर्ण, आणि वरच्या साहेबापुढे तिचा शब्द शून्य. सूत का कमी आलं, हे ती वर विचारू शकत नव्हती. ते कमी सूत वाटून खालच्यांच्या शिव्या खाणं मात्र तिचं काम. माझ्या मते नायकिणीच्या कडवटपणाची मुळं इथे आहेत.

आयोगाने उपाय सुचवला तोही बोलका आहे. जिथे बायका बऱ्याच संख्येने आहेत तिथे त्यांच्या देखरेखीसाठी आणि कल्याणासाठी निदान एक सुशिक्षित, प्रतिष्ठित बाई नेमावी. नायकिणीचा अधिकार नियमांत बांधा, तिला वर जायची वाट द्या, तिच्या वाटपाचा हिशेब तपासा, यापेक्षा बाहेरून चांगल्या घरची बाई आणा, हे त्यांना सोपं वाटलं. जातीचा आणि वर्गाचा वास त्या ‘प्रतिष्ठित’ शब्दाला येतोच.

प्रत्यक्षात प्रश्न दुसऱ्याच मार्गाने ‘सुटला’. बायकाच कमी झाल्या. यंत्रांची फेररचना सुरू झाली तेव्हा आधी गदा आली ती बायकांच्या खात्यांवर. १९२८ च्या मोठ्या संपात उषाबाई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका पुढे होत्या, तो याच काळातला. त्याच साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं आणि हा भार बराचसा सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून पूर्ण सुटका नाही, असं मांडलं. १९२९ मध्ये कायदा झाला. मालकांना मग बाई ‘महाग’ वाटू लागली. पुढच्या चार-पाच दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत शेकड्यात थोड्या जणींवर आलं. बायकाच उरल्या नाहीत तिथे नायकीण कुणावर राज्य करणार?

गिरण्यांनंतर मुंबईत बायकांना मोठ्या संख्येने घेतलं ते औषध कंपन्यांनी. स्वच्छ खोली, पांढरा कोट, पॅकिंगचा पट्टा. आज शिरवणे-तुर्भे पट्ट्यात दिसतं त्याचा हा आधीचा अवतार. यातल्या काही कंपन्यांत नियम होता : लग्न झालं की नोकरी संपली. इंटरनॅशनल फ्रँचायझेस या मुंबईच्या कंपनीतल्या या नियमाविरुद्ध बॉम्बे लेबर युनियन थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. कंपनीचं म्हणणं असं की काम टोळीने होतं, एक जण गैरहजर राहिली की अख्खा पट्टा अडतो, आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. न्यायालयाने १९६५ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. मुलांमुळे गैरहजेरी वाढत असेल तर मुलं असलेल्या विधवेचंही तेच होईल, तिला का ठेवता? आणि रजेवर जाणाऱ्यांच्या जागी राखीव माणसं ठेवता येतात की.

या नियमाचा वरच्या जागांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. सगळा संबंध तिथेच आहे. लग्नाला नोकरी जाणार म्हणजे बाईची सेवा चार-पाच वर्षांची. तेवढ्यात कुणी चार्जहँड होत नाही. पट्ट्यावर पन्नास मुली आणि डोक्यावर एक पुरुष, हे चित्र निसर्गाने नाही काढलं. सेवाशर्तींनी काढलं.

दुसरी अडचण रात्रीची. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला आणि रात्रीच्या कामावरही बंधन घातलं. १९४८ च्या कायद्याच्या कलम ६६ ने सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही वेळ ठरवली. हेतू संरक्षणाचा होता आणि तो खोटा नव्हता. पण तीन पाळ्यांच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज व्हायचं तर तिन्ही पाळ्या काढाव्या लागतात. रात्र कायद्याने बंद, म्हणून पदही बंद. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीची वाट उघडली. स्टेशनपासून एमआयडीसीच्या आतल्या गल्लीपर्यंत रात्री कोण सोडणार, हा प्रश्न तरीही कायद्याच्या कागदावर सुटत नाही.

आता एअर इंडिया. मुख्यालय तेव्हा मुंबईतच. १९८१ साली नर्गिस मिर्झा आणि इतर हवाई सुंदरींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. नियम असा की हवाई सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होईल, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्या वेळी, किंवा पहिल्या गरोदरपणाला, यातलं जे आधी होईल ते. पुढची मुदतवाढ मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. त्याच विमानात तेच ट्रे उचलणारा पुरुष असिस्टंट फ्लाइट पर्सर ५८ व्या वर्षापर्यंत कामावर.

निकाल लिहिला न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांनी. गरोदरपणाची अट त्यांनी अतिशय कडक शब्दांत रद्द केली, ती भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असं म्हटलं. मॅनेजिंग डायरेक्टरची बेलगाम मर्जीही रद्द झाली. आपल्याकडे हा निकाल अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान रास्तच आहे. पण निकाल पुरता वाचायला हवा. चार वर्षांत लग्न न करण्याची अट त्यांनी टिकवली, कारणांत कुटुंबनियोजनही आणलं. आणि हवाई सुंदरी व पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत, म्हणून त्यांची तुलना करता येत नाही, असंही मान्य केलं. हा शेवटचा मुद्दा पुढे फार महागात पडला. दोन संवर्ग म्हणजे दोन शिड्या. विमानातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांवरचा प्रमुख, म्हणजे इन-फ्लाइट सुपरवायझर, पुरुषांच्या शिडीवरच होता.

परिणाम असा की वीस-पंचवीस वर्षं उडालेल्या बाईच्या डोक्यावर तिच्याहून कनिष्ठ पुरुष सुपरवायझर म्हणून येऊ शकत होता, आणि ती त्याच्या डोक्यावर कधीच जाऊ शकत नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने आदेश काढून हे पद बायकांना खुलं केलं. लगेच काही पुरुष कर्मचारी कोर्टात गेले. हे पद आमचं, जुन्या करारांनी आम्हाला दिलेलं, असा त्यांचा दावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये. बाईच्या हाताखाली काम करावं लागू नये यासाठी माणसं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात, तेव्हा ‘बाई बॉसची स्टाइल आवडत नाही’ या तक्रारीकडे जरा सावधपणे पाहायला हवं. तिची स्टाइल अजून कुणी पाहिलीच नव्हती.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासावरून जवळपास हेच मांडलं. खालच्यांवर अधिकार आहे पण वर वजन नाही, अशा जागी बसलेला माणूस बारीकसारीक गोष्टींत नाक खुपसतो, नियमांवर बोट ठेवतो. बाई असो वा पुरुष. बायका अशा जागी जास्त बसवल्या जातात, म्हणून तो बायकांचा स्वभाव वाटतो. नायकिणीला कँटरबाईंनी पाहिलं नव्हतं, पण वर्णन तिचंच आहे. आणि ज्या बाईला वजन मिळतं तिचंही सुखाने चालत नाही. प्राइस वॉटरहाउस कंपनीत अ‍ॅन हॉपकिन्स यांना भागीदारी नाकारली गेली, तेव्हा मिळालेल्या सल्ल्यात जरा बायकांसारखं चाला-बोला, मेकअप करा, दागिने घाला हेही होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असे साचे लावणं हाही भेदभावच धरला. कडक राहिली तर बायकी नाही, मऊ राहिली तर साहेब नाही.

मुस्लिम समाजात या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिलं उदाहरण हजरत खदीजांचं येतं. ते योग्यच आहे. पण आपली व्याख्यानं त्यांच्या पत्नी म्हणून केलेल्या साथीवर जास्त रेंगाळतात. त्या मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या, आपला माल माणसं नेमून, मोबदला ठरवून काफिल्यांबरोबर पाठवत होत्या, आणि कोणत्या माणसावर विश्वास टाकायचा हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. हा धागा निकाहपाशी येऊन सोडून दिला जातो. नोकरी करणाऱ्या मुलीला वाजातून कळतं की तिने सबर करावा. माल कुणाच्या हाती द्यावा, हिशेब कसा घ्यावा, हे कळत नाही.

बायकांनी स्वतःच पद्धत बांधली तर काय होतं? १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाली. सभासद फक्त बाई. प्रत्येक सभासद ‘बहीण’, आणि प्रत्येक बहीण मालकीण. शाखेची संचालिका लाटणाऱ्यांतूनच येते. एकवीस जणींची समिती निर्णय एकमताने घेते. पुरुष आहेत, पण ते पगारी ड्रायव्हर, हिशेबनीस. म्हणून लिज्जतमध्ये शिस्त मवाळ आहे असं समजू नये. पीठ सकाळी वजन करून मिळतं, पापड वजन करून घेतला जातो, खराब निघाला तर परत. घर स्वच्छ आहे का, हे पाहायला संचालिका न सांगता येऊन उभी राहते. नायकीण जे करत होती त्यातलं बरंच काही संचालिकाही करते. पण पीठ किती मिळालं आणि पैसे किती झाले, हे दोघींनाही दिसतं, आणि नफ्यात वाटा दोघींचाही आहे. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याचं केंद्र शिरवण्याहून फार लांब नाही, वाशीत आहे. तिथेही सावकाराच्या वहीतून सुटून बँकेचं कर्ज स्वतःच्या नावावर घेणं ही पहिली पायरी होती.

राहिल्या त्या बायका ज्यांना कुणी सुपरवायझर आहे असं वाटतच नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं की काम करणाऱ्या मुस्लिम बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणी घरातूनच काम करतात. सर्व समाजांचा मिळून हाच आकडा ५१ टक्के होता. जरीकाम, शिलाई, धागे कापणं, पॅकिंग. मदनपुऱ्यात, भिवंडीत, मुंब्र्यात, नवी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही. शिरवण्यासारख्या औद्योगिक पट्ट्यातलं जे काम गेटच्या आत परवडत नाही ते पिशवीत भरून बाहेर पडतं आणि अशा घरांत येऊन पोचतं. पिशवी आणणारा एजंट असतो, पुष्कळदा ओळखीचा, कधी नात्यातला, आणि कधीकधी तीही बाईच असते. सगळे तिला आपा किंवा खाला म्हणतात. नग ती मोजते, दर ती सांगते, आणि ‘एवढे रिजेक्ट’ असं म्हणून बाजूला ठेवते ते नग का रिजेक्ट झाले, हे विचारायची सोय नसते. वर कंपनीत दर काय ठरला, हे बहुतेकदा आपालाही सांगितलेलं नसतं. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी विडी वळणाऱ्या बाईसाठी निदान एवढं होतं की नाकारलेल्या विड्यांवरून झालेला तंटा सरकारी अधिकाऱ्यापुढे नेता येत असे. कुर्त्यावर खडे चिकटवणारीसाठी तेवढंही नाही. तिच्या हातात असते ती एक वही, आणि तीही आपाच्या अक्षरातली.